एक कुड आणि एक मडके मध

एका जंगलात करंजाच्या झाडाखाली एक चंडोल पक्षीण बसायची, आणि कोणी आजारी आले की त्याच्या शेजारी बसून गायची. गोष्ट खरे तर इथेच संपायला हवी होती, मुलांनो. पण पुढे एक समिती स्थापन झाली, म्हणून मला अजून बरेच सांगावे लागणार आहे.

आधी ती काय करायची ते ऐका. ती औषध देत नसे, अंगारा देत नसे, उपदेश तर मुळीच करत नसे. कोणी आले की ती आधी गप्प बसायची आणि त्याचा श्वास ऐकायची. मग त्या श्वासाच्या चालीने अगदी हळू गायला लागायची. श्वास धावत असला तर गाणेही थोडे धावायचे. मग गाणे हळूहळू चालू लागायचे, आणि आजाऱ्याला कळायच्या आत त्याचा श्वासही त्याच्या मागोमाग चालू लागायचा.

एका म्हाताऱ्या गव्याचे पुढचे पाय इतके थरथरत की त्याला पाणवठ्यावर वाकता येत नसे. चंडोल गात असली की पाय स्थिर राहत. तेवढ्या वेळात तो पोटभर पाणी पिऊन घेई. वणव्यातून वाचलेला एक ससा होता. त्याला तिथेच काय ती झोप लागे.

या सगळ्याला कोणी नाव दिले नव्हते. त्यामुळे ते व्यवस्थित चालले होते.

तिथे रोज सकाळी एक साळिंदर यायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्यासोबत त्यांची बायको यमुना असे. यमुनेला विसर पडत चालला होता. आधी ती कंद कुठे पुरले ते विसरली, मग बिळाचे तोंड विसरली, मग मुलांची नावे. शेवटी एके दिवशी तिने तात्यांकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "बसा ना पाहुणे. हे घरात नाहीत, पण येतील एवढ्यात."

तात्या बसले. दिवसभर ते स्वतःची वाट पाहत बसले.

चंडोलने यमुनेसाठी तीन महिने गाणी शोधली. तिला येत होती ती सगळी गाऊन झाली. मग एका सकाळी तिने तात्यांना विचारले, "यांच्या आई कंद उकरताना काही गुणगुणायच्या का हो?"

तात्यांनी डोके खाजवले. सासूबाईंची एक ओवी होती खरी. त्यांनी ती कशीबशी म्हणून दाखवली. तात्यांचा आवाज म्हणजे दगडावर दगड घासल्यासारखा, आणि सूर कुठे असतो हे त्यांना उभ्या आयुष्यात कोणी दाखवले नव्हते. पण त्या खरखरीतून चंडोलने चाल वेचून काढली आणि गायला सुरुवात केली.

यमुनेने मान वर केली. तात्यांकडे पाहिले. म्हणाली, "अहो, पाणी प्यायलात का? ओठ बघा किती सुकलेत."

तेवढेच. गाणे थांबल्यावर थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पाहुणे, आपण कुठले?" पण तात्यांचे काम झाले होते. त्यानंतर ते रोज सकाळी त्या एका शब्दासाठी येऊ लागले. 'अहो' हा शब्द तुमच्या आमच्या घरात दिवसातून पन्नासदा ऐकू येतो आणि आपण बहुतेक वेळा ओरडून उत्तर देतो, "काय आहे आता?" तात्यांना तो दिवसातून एकदा ऐकू यायचा. ते ओरडत नसत.

आता अडचण सांगतो. त्या वर्षी वाघसाहेबांच्या फेरीसाठी रस्ता रुंद करण्यात आला आणि तो करंजाच्या अगदी जवळून गेला. धुळीचे लोट उठू लागले. चंडोल जमिनीवर बसणारी, त्यामुळे सगळी धूळ तिच्याच घशात. तिचा आवाज फाटू लागला.

कासववैद्यांनी घसा तपासला. वैद्य सावकाश बोलत, पण नेमके बोलत. "रस्त्याच्या बाजूनं भिंतीसारखा कारवीच्या काठ्यांचा एक कुड घाल. चांगला मातीनं लिंपलेला. आणि एक मडकं मध, महिनाभर चाटायला. नाहीतर पुढच्या अमावास्येपर्यंत आवाज जाईल."

"गेला तर परत येईल?" तात्यांनी विचारले.

"मी वैद्य आहे, तात्या. ज्योतिषी नाही."

एक कुड आणि एक मडके मध. हिशेब एवढाच होता. कारवीच्या काठ्या तोडणे तात्यांना जमण्यासारखे होते. मध मात्र उंच कड्यावर, आणि साळिंदराला कड्यावर चढलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? म्हणून तात्या भाऊसाहेब अस्वलांकडे गेले.

भाऊसाहेबांच्या गुहेत त्या वेळी मधाची सात मडकी भरलेली होती.

"अरेरे," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरेच भरून आले. ते मनाने फार चांगले होते. "एवढंच ना? आत्ता नेता का मडकं?"

तात्यांनी हात पुढे केला.

"पण थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "मी एकट्यानं दिलं तर ते माझं पुण्य झालं. जंगलाचं काय? इतकी मोठी सेवा आपल्या दारात चालते आणि कोणाला पत्ता नाही. तात्या, हे सगळ्यांनी मिळून करायला हवं."

"मडकं एकच पाहिजे, भाऊसाहेब."

"तुमचा हा साधेपणा," भाऊसाहेब म्हणाले, "हाच आपल्याला मागं ठेवतो."

तात्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. घरी येताना ते स्वतःशीच म्हणत होते की मोठी माणसे मोठा विचार करतात, आपल्याला काय कळते. मुलांनो, या गोष्टीत तात्यांनी एवढी एकच चूक केली. मडके समोर होते.

समिती स्थापन झाली. भाऊसाहेब अध्यक्ष. चिटणीस म्हणून तरस, कारण त्यांना कोणत्याही ठरावावर हसू येत असे आणि त्यामुळे बैठकीचे वातावरण खेळीमेळीचे राहत असे. निवेदनासाठी मैनाताई. पहिल्या तीन बैठका नावावर झाल्या. शेवटी 'स्वरछाया संगीतोपचार साहाय्य मंडळ' हे नाव एकमताने ठरले. चंडोलला कळवायला कोणाला वेळ झाला नाही, त्यामुळे आपण छायेत बसतो एवढेच तिला माहीत होते.

मग वर्गणी सुरू झाली. प्रत्येक घरामागे कारवीची एक काठी आणि चमचाभर मध.

इथे मला जंगलाचे कौतुक केले पाहिजे. सगळ्यांनी दिले. खारीने दिले, घोरपडीने दिले, ज्याच्या घरात स्वतःलाच मध नव्हता त्या मुंगसानेही दिले. आणि तुम्ही आता मनात म्हणत असाल की तो मध भाऊसाहेबांनी खाल्ला. नाही. भाऊसाहेबांनी त्यातला थेंबही चाखला नाही. तुमच्या पुस्तकातल्या गोष्टींत लबाडीने काम बिघडते. या जंगलात सगळे प्रामाणिक होते.

कोणीतरी सुचवले की प्रत्येक काठीवर देणाऱ्याचे नाव कोरावे. सुतारपक्ष्याने ते काम हौसेने आणि फुकट केले. काठ्यांवर 'श्री. व सौ. रानडुक्कर', 'कै. ससाणेकाकांच्या स्मरणार्थ', 'एक हितचिंतक, पिंपळाची तिसरी ढोली' अशी नावे चमकू लागली.

पंधरा दिवसांत काठ्या पुरेशा जमल्या. मडके भरले. तात्या पुन्हा गेले.

"भाऊसाहेब, झालं ना सगळं. घेऊन जाऊ?"

"असं कसं?" तरस हसत म्हणाले. "लोकांनी दिलंय. लोकांसमोर सुपूर्त नको करायला?"

"तिचा आवाज रोज बसत चाललाय."

"म्हणूनच कार्यक्रम लवकर घेतोय," भाऊसाहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. वाघसाहेबांनी वेळ दिली आहे. त्यांनी वेळ दिली म्हणजे काय, हे तुम्हाला कळतंय ना, तात्या?"

तात्यांना कळत होते. रस्ता ज्यांच्यासाठी झाला होता तेच धुळीविरुद्धच्या कार्यक्रमाला येणार होते.

"आणि एक विनंती," मैनाताई गोड आवाजात म्हणाल्या. "लाभार्थींना पहिल्या रांगेत बसवायचं आहे. वहिनींचा अनुभव लोकांना दिसला पाहिजे. चंडोलताई दोन मिनिटं गातील, आणि वहिनी मंचावर तुम्हाला ओळखतील. तो एक शब्द म्हणतात ना त्या, तो म्हटला की लगेच टाळ्या."

तात्या एक पाऊल मागे सरले.

"ते घरातलं आहे हो," ते म्हणाले.

"आम्ही काय परके आहोत?" मैनाताईंना वाईट वाटले. "आणि तात्या, बघा, पाहिल्याशिवाय लोक देत नाहीत."

"लोकांनी दिलंय की."

"पुढच्या वर्षी."

भाऊसाहेबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला आणि काट्यांकडे पाहून मागे घेतला. "कुड पाहिजे ना तुम्हाला?" ते प्रेमाने म्हणाले.

तात्या हो म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून गर्दी झाली. मंडप सुरेख होता. जमलेल्या कारवीच्याच काठ्या मंचाच्या मागे उभ्या केल्या होत्या, नावे पुढे करून. रानडुकरांचे ढोलपथक आले होते, कारण कार्यक्रम संगीताचा होता आणि जितका मोठा आवाज तितका मोठा उपचार असे चिटणिसांचे मत होते. पहिल्याच ठोक्याला गव्याचे पाय थरथरू लागले. ससा कुठे गेला ते कोणाला कळले नाही. तो अजून सापडलेला नाही. स्मरणिकेत मात्र त्याचे नाव आहे.

यमुनेने सगळे काटे उभे केले. "पाहुणे," ती तात्यांना म्हणाली, "वणवा आलाय का?"

"नाही गं. कार्यक्रम आहे."

"कोणाचा?"

"तुझाच," तात्या म्हणाले, आणि त्यांनी तिचा पंजा धरून ठेवला.

दीपप्रज्वलन झाले. स्वागतगीत झाले. पाहुण्यांना मानाचे पेय म्हणून मध देण्यात आला. समितीकडे दुसरे काही गोड नव्हते, आणि वाघसाहेबांसारख्या पाहुण्यांपुढे नुसते पाणी कसे ठेवायचे? वाघसाहेबांबरोबर सोळा जण आले होते. ते चमचे मोजून मध खाणारे नव्हते. मडके मंचावर गेले ते भरलेले आणि परत आले ते धुतल्यासारखे. भाऊसाहेबांच्या गुहेतली सात मडकी तशीच होती, पण ती खासगी होती, आणि सार्वजनिक कामात खासगी वस्तू मिसळू नयेत हा त्यांचा नियम होता.

मग सत्कार सुरू झाले. वाघसाहेबांचा सत्कार भाऊसाहेबांनी केला. भाऊसाहेबांचा सत्कार तरसांनी केला. तरसांचा सत्कार करायचा राहून गेला असे लक्षात आल्यावर तो वाघसाहेबांच्या हस्ते झाला. सुतारपक्ष्याचा झाला. ढोलपथकाच्या प्रमुखाचा झाला, आणि त्या आनंदात पथकाने पुन्हा एकदा ढोल वाजवले.

वाघसाहेब दोन शब्द बोलले. "मला संगीतातलं काही कळत नाही," अशी त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचा तासभर ते सिद्ध केले. टाळ्या मात्र प्रत्येक वाक्याला पडल्या, कारण वाघसाहेब बोलताना ज्याचे हात मोकळे दिसत त्याच्याकडे ते निरखून पाहत.

"आणि आता," मैनाताई म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत, त्या सुरांच्या सेविका, आपल्या सर्वांच्या लाडक्या चंडोलताई."

चंडोल मंचावर आली. मागच्या रांगांना ती दिसली नाही. पुढच्या रांगांना दिसली, पण फार लहान दिसली.

"शाल आणि श्रीफळ देऊन आपण त्यांचा सत्कार करू या."

शाल चांगली जाड होती. मागच्या वर्षी ती हत्तीच्या सत्कारासाठी विणून घेतली होती आणि तो आला नव्हता, म्हणून नवी होती. वाघसाहेबांनी ती उलगडली आणि चंडोलच्या खांद्यावर घातली.

शाल मंचावर पसरली. तिच्या मध्यभागी थोडा उंचवटा दिसत होता. वाघसाहेबांनी अंदाजाने त्याच्या शेजारी, शालीच्या काठावर, नारळ ठेवला. फोटो काढण्यात आला. तो फोटो पुढे समितीच्या गुहेत लावला गेला. त्यात वाघसाहेब आहेत, भाऊसाहेब आहेत, शाल आहे, नारळ आहे. खाली लिहिले आहे, 'चंडोलताईंचा हृद्य सत्कार'.

"चंडोलताई आता दोन मिनिटं गातील," मैनाताई म्हणाल्या.

शालीखालून काहीतरी ऐकू आले. लोकरीच्या गठ्ठ्यात कोणी शीळ घालावी तसे.

"आवाज जरा मोठा करा, ताई," मागून कोणी म्हणाले.

चंडोलने आवाज मोठा केला. ती हाका मारत होती. चाल नसलेल्या हाका. लोकांनी माना डोलावल्या. "शास्त्रीय दिसतंय," एक बगळा शेजारच्याला म्हणाला.

भाऊसाहेबांनी सूर्याकडे पाहिले. वाघसाहेबांनी जांभई दिली. तो जबडा पाहून मैनाताई चटकन पुढे आल्या. "वेळेअभावी आपण चंडोलताईंचं गायन इथंच थांबवू या. आभारप्रदर्शनासाठी मी चिटणिसांना विनंती करते."

तरसांनी आभार मानले. मंडपाचे, ढोलाचे, वर्गणीदारांचे, ऊन फार तापले नाही म्हणून सूर्याचे. आभार चालू असताना पहिल्या रांगेतून तात्या उठले. ते मंचावर चढले.

"तात्या, तुमचा अनुभव रद्द झालाय," मैनाताई हळूच म्हणाल्या. "पुढच्या वर्षी घेऊ."

तात्यांनी दातांनी शालीचे टोक धरले आणि ओढले. शाल त्यांच्या काट्यांत अडकली आणि त्यांच्याबरोबर मंचावरून खाली आली. नारळ घरंगळत गेला. मंचावर चंडोल बसली होती. तिची पिसे चुरगळून अंगाला चिकटली होती, चोच उघडी होती. तात्यांकडे पाहून तिने काहीतरी म्हटले. नुसती हवा बाहेर आली.

कासववैद्य दुसऱ्या दिवशी पोहोचले. ते कार्यक्रमालाच निघाले होते. त्यांनी घसा पाहिला, आणि या वेळी ते सावकाशही बोलले नाहीत. काही बोललेच नाहीत.

आढावा बैठकीत कार्यक्रम अभूतपूर्व यशस्वी झाल्याची नोंद झाली. शाल पुढच्या वर्षासाठी घडी करून ठेवण्यात आली. नारळ चंडोलकडे पोहोचता करण्यात आला.

आणि कुड उभा राहिला. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. ठरल्याप्रमाणे, करंजाजवळ, रस्त्याच्या बाजूने, सगळ्या काठ्या लावून. फक्त तो लिंपला नाही. माती लावली असती तर नावे झाकली गेली असती, आणि लोकांनी नावासाठी दिले नसले तरी नाव झाकण्यासाठीही दिले नव्हते. येणारे जाणारे रस्त्यावर थांबून नावे वाचत. त्यांच्या पायांनी उडालेली धूळ काठ्यांमधल्या फटींतून आत येई.

तात्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या सकाळीही यमुनेला घेऊन करंजाखाली गेले. सवय होती. चंडोल तिच्या जागी होती. तिघे बसले.  यमुना म्हणाली, "पाहुणे, आज गाणारी आली नाही का?"

चंडोल समोरच बसली होती.

तेव्हा तात्यांनी घसा खाकरला आणि सासूबाईंची ओवी म्हणायला सुरुवात केली. दगडावर दगड घासला. करंजावरचे दोन होले उडून गेले. यमुना म्हणाली, "पाहुण्यांना बरं नाही का?"

चंडोलने मान हलवली. नाही, असे नाही. तात्यांनी पुन्हा म्हटले. तिने पुन्हा मान हलवली. चोच वर केली, म्हणजे वर जा. चोच खाली केली, म्हणजे खाली ये. पंख जमिनीवर हळू आपटला, म्हणजे इतकी घाई नको, यमुनेचा श्वास बघा. तात्यांना सूर कुठे असतो हे उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दाखवत होते, आणि दाखवणारीला आवाज नव्हता.

अकरा दिवस हे चालले. बाराव्या दिवशी दुसऱ्या ओळीत तात्या नेहमीच्या जागी चुकले. यमुना पाठमोरी बसून माती उकरत होती. मान न वळवता ती म्हणाली, "अहो, तिथं खाली यायचं असतं."

तात्या थांबले.

"थांबलात कशाला? म्हणा."

त्यांनी म्हटले. तिथे खाली आले. आणि पुढच्या ओळीवर रस्त्याने कोणीतरी दौडत गेले, धूळ आत आली, तात्यांना ठसका लागला आणि ओवी तुटली. ठसका ओसरला तेव्हा यमुना त्यांच्याकडे वळून म्हणत होती, "पाणी घ्या, पाहुणे."

त्या दुपारी तात्यांनी ओढ्याकाठची माती आणली, कालवली आणि कुड लिंपायला घेतला. श्री. व सौ. रानडुक्कर झाकले गेले. ससाणेकाकांचे स्मरण झाकले गेले. एक हितचिंतक, पिंपळाच्या तिसऱ्या ढोलीसकट, मातीखाली गेला. संध्याकाळी पूर्ण समिती आली.

"हे काय केलंत, तात्या?" भाऊसाहेबांना खरेच धक्का बसला होता. "लोकांच्या भावना आहेत यात."

"धूळ येत होती."

"आम्हाला सांगायचं. आम्ही धुळीसाठी वेगळा कार्यक्रम घेतला असता."

तरस हसले. मग त्यांनी तात्यांकडे पाहिले आणि हसायचे थांबले. तात्या कुडाला पाठ लावून उभे होते आणि त्यांचे सगळे काटे, एकूण एक, उभे होते. जंगलातल्या सांस्कृतिक क्षेत्रात काट्यांचा असा वापर यापूर्वी झाला नव्हता.

"तात्या, आपण चर्चा करू," मैनाताई म्हणाल्या.

"करा," तात्या म्हणाले. "तिकडे जाऊन करा."

समिती तिकडे गेली. तात्यांच्या वागण्याचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत झाला.

यमुना थंडीपर्यंत राहिली. त्या दिवसांत ती किती वेळा 'अहो' म्हणाली ते तात्यांनी मोजले नाही. शेवटच्या सकाळी तिने विचारले, "अहो, तुम्ही कंद खाल्लेत का?" तात्यांनी खाल्ले नव्हते. ते हो म्हणाले.

समितीने मोठ्या मनाने सगळे विसरून शोकसभा घेतली. सात वक्ते बोलले. वहिनींचा आणि आपला स्नेह किती जुना होता हे प्रत्येकाने सांगितले. शेवटी दोन मिनिटे मौन पाळायचे होते, पण वेळेअभावी ते एका मिनिटाचे करण्यात आले. तात्यांसाठी शाल आणली होती. तात्या आले नव्हते.

ते त्या वेळी करंजाखाली होते. यमुनेची जागा रिकामी होती. तिथे माती थोडी उकरलेली होती, ती त्यांनी तशीच ठेवली होती. शेजारी म्हातारा गवा येऊन उभा राहिला. त्याचे पाय थरथरत होते. तात्यांनी चंडोलकडे पाहिले. तिने पंख जमिनीवर हळू आपटला. तात्या गप्प बसले आणि गव्याचा श्वास ऐकू लागले. मग जंगलातल्या सगळ्यात वाईट आवाजाने हळू गायला सुरुवात झाली. दुसऱ्या ओळीत, जिथे खाली यायचे असते, तिथे ते खाली आले.

गवा पाणवठ्यापर्यंत गेला आणि पाणी पिऊन आला.

समितीला हे अजून कळलेले नाही. कुड चांगला लिंपलेला आहे, त्यामुळे रस्त्यावर काही ऐकू येत नाही. तुम्हीही सांगू नका.

तात्पर्य: सर्वांनी मिळून मनावर घेतले तर जंगलात कितीही मोठा कार्यक्रम होऊ शकतो. ज्या लहानशा कामासाठी तो झाला, ते काम तेवढे ज्याचे त्याने नंतर उरलेल्या मातीने करून घ्यावे. शाल आणि नारळ परत करायची पद्धत नाही.